दोघी, दोन सॅक आणि एक बटवा: लाओस स्वतःचं स्वतः कसं फिरायचं

"लाओस? हे कुठं आलं?" घरी सांगितल्यावर पहिला प्रश्न हाच आला. थायलंड, व्हिएतनाम, कंबोडिया, चीन आणि म्यानमार यांच्या मधोमध बसलेला, समुद्रकिनारा नसलेला हा देश. क्षेत्रफळ सुमारे 2,37,000 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून लहान, आणि माणसं साधारण 75 लाख. डोंगर, जंगल आणि मेकाँग नदी यातच बहुतेक देश संपतो.

मी आणि माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, आम्ही दोघी पाठीवर सॅक टाकून 16 दिवस उत्तर लाओस फिरून आलो. तिथं वाट शोधणं अजिबात अवघड गेलं नाही. सोळा दिवस, चोवीस तास, एकाच खोलीत, एकाच खिशातून खर्च करत एकमेकींशी चांगलं राहणं, याला मात्र तयारी लागली, आणि ती निघण्याआधी घरी बसून करायची असते हे मला नीट कळलं. म्हणून या लेखात व्हिसा, बोट, रेल्वे सगळं सांगते आहे, पण सुरुवात तिथूनच करते.

पायरी 1: तिकीट काढण्याआधी एक संध्याकाळ बोलायला बसा

चहा घेऊन, फोन बाजूला ठेवून, दोघांनी चार गोष्टी उघड बोलायच्या. दिवसाला किती खर्च परवडतो? सकाळी किती वाजता उठणार? किती चालवतं? आणि काय काय अजिबात चालणार नाही?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. माझ्या मैत्रिणीनं सांगितलं, "मी स्कूटरवर मागे बसणार नाही, आणि दोन रात्री सलग प्रवास करणार नाही." मी सांगितलं की मला बारा जणांच्या डॉर्ममध्ये झोप लागत नाही. हे आधी कळलं म्हणून पुढं कितीतरी वाद टळले. दोघं असताना तसाही डॉर्ममध्ये फार फायदा नसतो. गेस्टहाऊसची दोघांची साधी खोली दोन कॉटच्या भाड्याच्या जवळपासच जाते.

आम्ही तीन नियम ठरवले. पहिला: सुरक्षिततेच्या बाबतीत एकीनं "नको" म्हटलं की विषय संपला, कारण विचारायचं नाही. दुसरा: भूक लागलेली असताना कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, आधी खायचं. तिसरा: दर चौथा दिवस आपापला. सकाळच्या नाश्त्यानंतर दोघी वेगळ्या, संध्याकाळी ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी भेट. हा तिसरा नियम ऐकून आधी दोघींनाही थोडं वाईट वाटलं होतं. प्रवासाच्या पाचव्या दिवशी, लुआंग प्राबांगला, तोच कामाला आला, ते पुढं सांगते.

पायरी 2: दिवस आणि मार्ग

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. हवा कोरडी, दिवसा ऊबदार, उत्तरेत पहाटे चांगलीच थंडी. मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेकडं शेतं आणि डोंगरउतार जाळतात, धुरानं डोंगर दिसेनासे होतात आणि डोळे चुरचुरतात. एप्रिलच्या मध्यात त्यांचं नवीन वर्ष, पी माय, येतं. रस्तोरस्ती पाण्याचा खेळ चालतो. तो अनुभवायचा असेल तर ठीक, नाहीतर त्या दिवसांत खोली आणि गाडी मिळणं कठीण. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस.

दोन-सव्वादोन आठवडे असतील तर उत्तर किंवा दक्षिण, एकच निवडा. नकाशावर देश चिमुकला दिसतो, पण डोंगरी रस्त्यांवर शंभर किलोमीटरला तीन-चार तास सहज लागतात. आमची विभागणी अशी होती: सीमा ओलांडायला एक दिवस, बोटीवर दोन, लुआंग प्राबांग चार, नोंग खियाव तीन, वांग विएंग दोन, राजधानी व्हिएन्टियान दोन, आणि दोन दिवस पूर्ण रिकामे. या रिकाम्या दिवसांवर कुणाला हात लावू देऊ नका. नोंग खियावला मैत्रिणीचं पोट बिघडलं तेव्हा त्यातलाच एक वापरला, आणि पुढचं एकही बुकिंग बुडालं नाही.

पायरी 3: कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर लाओसचा व्हिसा सीमेवर पोचल्यावरही मिळतो आणि ऑनलाईन ई-व्हिसाही काढता येतो. दोन्हींत 30 दिवस राहता येतं. पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा. ई-व्हिसा प्रत्येक नाक्यावर चालत नाही, त्यामुळं तुम्ही जिथून शिरणार त्या नाक्याचं नाव अधिकृत संकेतस्थळावरच्या यादीत आहे का ते आधी पाहा. सीमेवर काढणार असाल तर पासपोर्ट आकाराचे दोन फोटो आणि अमेरिकन डॉलर रोख जवळ ठेवा. नोटा कोऱ्या हव्यात. दुमडलेली, डाग पडलेली किंवा कडेला जराशी फाटलेली नोट परत करतात.

बहुतेकांचा प्रवास थायलंडमधून होतो, तेव्हा थायलंडमध्ये शिरण्याची सोयही बघावी लागते. तिथले नियम वरचेवर बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात पुन्हा तपासा. थायलंडला जाण्यापूर्वी डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाईन भरावं लागतं. लाओसहून परतताना पुन्हा थायलंडमध्ये शिरणार असाल तर तेव्हा पुन्हा भरायचं, हे अनेकजण विसरतात.

प्रवास विमा घेताना गंभीर आजारात दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे ना, हे वाचून घ्या. लाओसमध्ये मोठ्या उपचारांची सोय अपुरी आहे. गंभीर रुग्णाला बहुधा सीमेपलीकडं थायलंडमध्ये, उदाहरणार्थ उदोन थानीला, नेतात. आणि एकमेकांच्या पासपोर्टचा, विम्याचा आणि घरच्या एका नंबरचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये हवा. जी आजारी पडेल ती आपले कागद शोधून देण्याच्या स्थितीत नसेल.

पायरी 4: बटवा

लाओसचं चलन किप. एका रुपयाला साधारण अडीचशे किप मिळतात, त्यामुळं पहिल्या दिवशी लाखांच्या आकड्यांनी गांगरायला होतं. सोपी युक्ती: शेवटची तीन शून्यं झाकायची आणि चारनं गुणायचं. 25,000 किप म्हणजे 25 चोक 100 रुपये. 60,000 म्हणजे 240. निघताना दर पाहून घ्या, पण ही पद्धत बाजारात उभ्या उभ्या कामाला येते.

आमचा बटवा म्हणजे आईनं दिलेली खणाची, चेनवाली छोटी पिशवी. दोघींनी प्रत्येकी 10 लाख किप, म्हणजे अंदाजे 4,000 रुपये, त्यात टाकायचे. खोली, गाडी, जेवण, पाणी, प्रवेश शुल्क सगळं बटव्यातून. खरेदी आणि जास्तीची कॉफी स्वतःच्या खिशातून. बटव्यात 2 लाख उरले की दोघींनी पुन्हा सारखीच भर घालायची. आठवडाभर बटवा तिच्याकडं, मग आठवडाभर माझ्याकडं. "मागच्या वेळी मी दिले होते" हे वाक्य संपूर्ण प्रवासात एकदाही निघालं नाही, ते या पिशवीमुळं. रात्री झोपण्यापूर्वी छोट्या वहीत चार ओळी लिहायच्या, तेवढा हिशोब पुरतो.

मोठ्या गावांत एटीएम आहेत, पण एका वेळी मर्यादित रक्कम देतात आणि दर वेळी शुल्क कापतात. नोंग खियावसारख्या लहान गावी जाण्याआधी रोख काढून ठेवा. प्रत्येकीनं दोन कार्डं घ्यावीत आणि त्यातलं एक दुसरीच्या सॅकमध्ये ठेवावं. एक सॅक हरवली तरी दोघी अडकत नाहीत.

पायरी 5: सॅक

सह्याद्रीत तीन दिवसांच्या ट्रेकला नेता तेवढीच सॅक न्या, 40 लिटरची. तीन जोड कपडे, एक ऊबदार जॅकेट, खांदे आणि गुडघे झाकणारं काहीतरी मंदिरांसाठी, पायातून चटकन निघणारी चप्पल, हेडलॅम्प, डासांचं मलम, ओआरएसची पाकिटं. डेंग्यू तिथं आहे, म्हणून पूर्ण बाह्यांचा पातळ शर्ट हवाच. आपले दोन गोल पिनांचे चार्जर तिथं चालतात, तीन पिनांचे चालत नाहीत. डिओडरंटचे किंवा सनस्क्रीनचे स्प्रे आणि खिशातला चाकू नेऊ नका. रेल्वे स्टेशनवर विमानतळासारखी तपासणी होते आणि ते काढून घेतात.

पायरी 6: मेकाँगवरचे दोन दिवस

लाओसमध्ये शिरायचा सगळ्यात सुंदर मार्ग नदीचा आहे. मुंबईहून बँकॉक, तिथून चियांग राय, मग बसनं चियांग खोंग. तिथं मेकाँगवरचा चौथा थायलंड-लाओस मैत्री पूल ओलांडून लाओसमधलं हुआय साय. पूल चालत ओलांडू देत नाहीत, पुलावरचीच बस घ्यावी लागते. सीमा आदल्या दिवशीच ओलांडून हुआय सायला मुक्काम केला तर सकाळी धावपळ होत नाही.

संथ बोट सकाळी उशिरा सुटते, रात्री पाकबेंगला थांबते आणि दुसऱ्या संध्याकाळी लुआंग प्राबांगला पोचते. बोट लांबलचक, लाकडी, अरुंद. आत जुन्या गाड्यांतून काढलेल्या सीटा ओळीनं मांडलेल्या. तासभर आधी जाऊन पुढच्या बाजूची जागा धरा, मागे इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही. मोठी सॅक सामानाच्या जागी जाते, म्हणून जॅकेट, पाणी, खाणं आणि औषधं लहान पिशवीत जवळ ठेवा. पहाटेच्या धुक्यात नदीवर हातापायांची बोटं गारठतात.

मधेच बोट एखाद्या वाळूच्या काठाला लागते. वर झाडीतून पाच-सात घरं दिसतात, खाली पोरं उभी. एक बाई तांदळाची दोन पोती आणि पाय बांधलेला कोंबडा घेऊन चढली, माझ्या पायाशी पोतं ठेवलं आणि माझ्याकडं बघून मान हलवली. दोन तासांनी तशाच एका काठावर उतरून गेली. तिच्यासाठी ही बोट म्हणजे आपली एसटी. पर्यटकांनी गजबजलेल्या बोटीत हे लक्षात ठेवून वागावं, पाय पसरून वाट अडवू नये.

लवकर पोचायला वेगवान छोट्या बोटीही मिळतात. त्या घेऊ नका. खडकाळ पात्रात त्यांचे अपघात होतात.

लुआंग प्राबांगचा धक्का गावापासून साधारण 10 किलोमीटर दूर आहे. तिथून सामायिक टुकटुक मिळते.

पायरी 7: लुआंग प्राबांगला घाई करू नका

मेकाँग आणि नाम खान या दोन नद्यांच्या मधल्या जिभेवर वसलेलं हे जुनं राजधानीचं गाव 1995 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. वात शिएंग थोंग हे सोळाव्या शतकातलं मंदिर सकाळी लवकर पाहा, उतरती छपरं जवळजवळ जमिनीला टेकलेली दिसतात. क्वांग सी धबधबा 30 किलोमीटरवर आहे. तिथंही सकाळी उघडल्या उघडल्या पोचा, दहानंतर गर्दी होते.

पहाटे भिक्खू भिक्षेला निघतात, त्याला ताक बात म्हणतात. आम्ही रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला, भिंतीला टेकून, बसून पाहिलं. गुडघ्यावर बसलेल्या एका आजींनी बांबूच्या टोपलीतून चिकट भाताचा लिंबाएवढा गोळा काढला, कपाळाला लावला आणि पहिल्या पात्रात ठेवला. कुणी बोलत नव्हतं, फक्त अनवाणी पावलांचा आवाज. त्याच वेळी काही पर्यटक भिक्खूंच्या तोंडासमोर फोन धरून मागे मागे चालत होते. ते पाहून फार वाईट वाटलं. हा त्यांचा रोजचा धर्म आहे. लांब बसा, खांदे झाका, फ्लॅश वापरू नका. बायकांनी भिक्खूंना स्पर्श होणार नाही याची काळजी घ्यायची.

आता पाचव्या दिवसाचं. मला रोज पहाटे उठायचं होतं, तिला एक सकाळ तरी झोपायचं होतं. मी दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा ती उठून बसली आणि दिवसभर एक शब्द बोलली नाही. रात्री तिनंच वही काढून नियम दाखवला: "चौथा दिवस उद्याच घेऊ." दुसऱ्या दिवशी मी फूसी टेकडीवर गेले आणि नदीकाठी तीन तास वाचत बसले. तिनं विणकामाचा वर्ग लावला. संध्याकाळी सहाला रात्रबाजाराच्या तोंडाशी भेटलो तेव्हा दोघींकडं सांगायला इतकं होतं की जेवण थंड झालं. सोबत आलो म्हणजे सतत सोबत राहायलाच हवं, हा आग्रह सोडा.

पायरी 8: पोटाची सोय

शाकाहारी असाल तर थोडी मेहनत आहे. भाज्या, तोफू, भात मुबलक, पण माशाचा रस, नाम पा, आणि आंबवलेल्या माशाचं पादेक जवळजवळ सगळ्यात पडतं. ही वाक्यं पाठ करा: "बो साय सीन" म्हणजे मांस घालू नका, "बो साय नाम पा", "बो साय पादेक". फोनवर लाओ लिपीत लिहून ठेवलंत तर अजून बरं. पपईची कोशिंबीर, ताम माक हूंग, मागताना हे आधीच सांगा, कारण उखळात कुटायला सुरुवात झाली की उशीर झालेला असतो.

खाव नियाव म्हणजे चिकट भात बांबूच्या झाकणाच्या टोपलीत येतो. हातानं लहान गोळा करायचा, दाबायचा आणि तोंडी लावण्यात बुडवायचा. भात काढून झाला की टोपलीचं झाकण लगेच लावायचं, नाहीतर तो कडक होतो. घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट या भाताबरोबर इतकं छान लागलं की नोंग खियावच्या गेस्टहाऊसवालीनंही चव घेऊन पुन्हा मागितलं. सकाळी खाव ची, म्हणजे फ्रेंचांच्या वेळेपासून चालत आलेला लांब पाव, अंडं घालून मिळतो.

बोलताना "सबायदी" हा नमस्कार आणि "खोप चाय" हे आभार. वयानं मोठ्या बाईला "उआय" म्हणजे ताई, पुरुषाला "आय" म्हणजे दादा म्हणतात. आपल्याकडं भाजीवालीला ताई म्हणतो तसंच. मोठ्यानं, चढ्या आवाजात भाव केला तर समोरचा गप्प होतो. हसून, हळू बोललं की काम होतं.

पायरी 9: रेल्वेनं खाली

डिसेंबर 2021 मध्ये चीनच्या सीमेवरच्या बोतेनपासून व्हिएन्टियानपर्यंत 414 किलोमीटरची रेल्वे सुरू झाली. बसनं जवळजवळ पूर्ण दिवस खाणारं लुआंग प्राबांग ते व्हिएन्टियान अंतर आता दोनेक तासांचं आहे. तिकीट काढताना आणि चढताना पासपोर्ट लागतो. विक्री थोडेच दिवस आधी उघडते आणि हंगामात लवकर संपते, म्हणून पोचल्या दिवशीच पुढच्या तिकिटाची व्यवस्था लावा. स्टेशनं गावाबाहेर आहेत. गाडीच्या वेळेआधी तासभर पोचा.

वांग विएंगला चुनखडीचे सरळसोट डोंगर आणि नाम सोंग नदी. मला स्कूटर घेऊन नाम साय टेकडीला जायचं होतं. तिनं "नको" म्हटलं, विषय संपला, दोघींनी आणखी तिघांबरोबर टुकटुक केली. तुम्ही दुचाकी घेणारच असाल तर घरून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, हेल्मेट घाला, विमा दुचाकीला लागू आहे का पाहा, ताब्यात घेण्यापूर्वी प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढा, आणि तारण म्हणून पासपोर्ट देऊ नका.

पायरी 10: दोन धोके गंभीरपणे घ्या

1964 ते 1973 या काळात अमेरिकेनं लाओसवर 20 लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यातले क्लस्टर बॉम्बचे असंख्य लहान गोळे फुटलेच नाहीत, आणि आजही शेतात, जंगलात पडून आहेत. म्हणून डोंगरात मळलेली पायवाट सोडायची नाही, लघवीलासुद्धा झुडपात आत जायचं नाही, जमिनीवरचा कुठलाही धातूचा तुकडा उचलायचा नाही. व्हिएन्टियानमधलं कोप केंद्र, म्हणजे अशा स्फोटांत हातपाय गमावलेल्यांना कृत्रिम अवयव देणाऱ्या संस्थेचं केंद्र, नक्की पाहा. तिथं छताला कृत्रिम पाय टांगलेले आहेत, घरच्या घरी बांबूपासून, लाकडापासून, पत्र्यापासून बनवलेले. बाहेर पडल्यावर आम्ही बराच वेळ पायरीवर नुसत्या बसून होतो.

दुसरा धोका दारूचा. नोव्हेंबर 2024 मध्ये वांग विएंगला मिथेनॉल मिसळलेल्या दारूनं सहा परदेशी पर्यटकांचा जीव गेला. फुकट मिळणारे घोट, सुटी गावठी दारू, मिसळून दिलेली पेयं सरळ नाकारा. प्यायची असेल तर समोर उघडलेली सीलबंद बिअर. पिण्यानंतर नजर अंधुक झाली, श्वास जड झाला, गोंधळल्यासारखं झालं तर झोप काढू नका, ताबडतोब दवाखाना गाठा.

दिवस जास्त असतील तर

दक्षिणेला चंपासाकजवळ वात फू आहे, ख्मेर, म्हणजे जुन्या कंबोडियाच्या साम्राज्याच्या, काळातलं शिवाचं स्थान. मागच्या डोंगराचा सुळका नैसर्गिक शिवलिंगासारखा दिसतो, म्हणूनच ती जागा निवडली गेली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागानं इथं जीर्णोद्धाराचं काम केलं आहे. चाफ्याच्या झाडांमधून चढत जाणाऱ्या दगडी पायऱ्या मी फोटोंतच पाहिल्यात. पुढच्या खेपेला दोघींनी फक्त दक्षिण करायचं, हे परतीच्या गाडीतच ठरलं.

ती परतीची गाडी व्हिएन्टियानहून बँकॉकला जाणारी रात्रीची रेल्वे, 2024 पासून सुरू झालेली. निघण्याआधी बटवा रिकामा करा, कारण किप देशाबाहेर बदलून मिळणं जवळजवळ अशक्य. शेवटच्या संध्याकाळी आमच्याकडं 1,85,000 किप उरले होते. मेकाँगच्या काठावर बसून दोन प्लेट भाजलेली केळी, गाडीत प्यायला पाणी आणि कोप केंद्राच्या दानपेटीसाठी आधीच बाजूला काढलेली रक्कम वजा करता उरल्या दोन नोटा. एक तिच्या वहीत आहे, एक माझ्या.